पडद्यावरचे भूत

तुम्ही कधी कोलशेतला गेला आहात का? ठाणे शहराच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या खाडीकाठी हे गाव आहे. आगरी आणि कोळी लोकांची ही जुनी वस्ती. खाडीत होड्या, काठावर तिवरांची झाडे, आणि पलीकडे भिवंडी तालुका. आता या गावाच्या आजूबाजूला उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. रात्री त्यांच्या खिडक्यांतला उजेड पाण्यात हलताना दिसतो. पण जिथे तो उजेड पोचत नाही, तिथे तिवरांमध्ये अजूनही दाट काळोख असतो. भरतीचे पाणी मुळांमध्ये शिरते, तेव्हा 'गुळूप गुळूप' असा आवाज येतो. कोणीतरी पाण्याखाली बोलत आहे, असे वाटते.

अशा जागी एकटे उभे राहिलात, तर तुमची छाती धडधडेल की नाही? समोर काहीच नसते. तरीही पाय मागे वळतात. आता विचार करा, हीच धडधड अनुभवायला माणसे पैसे देऊन तिकीट काढतात आणि अंधाऱ्या थिएटरात जाऊन बसतात! हे कसे घडले, त्याची गोष्ट आज आपण वाचू या.

अशा चित्रपटाला मराठीत 'भयपट' म्हणतात. भय म्हणजे खौफ. पट म्हणजे पडदा किंवा चित्रपट. शब्द नवा वाटला, तरी त्यामागची गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. अलिफ लैला आणि तिलिस्म-ए-होशरुबा यांतले जादूगार, देव आणि जिन तुम्हांला माहीत आहेत. कोकणातल्या आजीच्या गोष्टींत मुंजा, हडळ, वेताळ आणि पाण्यात राहणारा गिऱ्हा असतो. रात्री वाटसरूला एकाच जागी गोल गोल फिरवतो, तो चकवा. गोष्ट सांगणारा आवाज खाली आणतो, मध्येच थांबतो, आणि ऐकणारा जवळ सरकतो. चित्रपट आला तो या सगळ्यांच्या नंतर. त्याने ही जुनीच कला यंत्राच्या मदतीने पुढे नेली.

चित्रपटाचा जन्म झाला आणि लगेच त्यात भूत शिरले. १८९६ साली ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट पहिल्यांदा दाखवले गेले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए नावाच्या जादूगाराने सैतानाच्या वाड्यावर सुमारे तीन मिनिटांचा एक चित्रपट तयार केला. त्यात एक वटवाघूळ उडत येते आणि क्षणात त्याचा सैतान होतो. मेलिएची युक्ती अगदी साधी होती. तो कॅमेरा थांबवी. नट जागेवरून बाजूला होई, किंवा नवा नट येऊन उभा राही. मग कॅमेरा पुन्हा सुरू होई. पाहणाऱ्याला मधली वेळ दिसतच नसे. त्यामुळे माणूस हवेत विरला, असे त्याला वाटे. भीतीपेक्षा गंमतच जास्त होती ती.

खरी भीती आणली जर्मनीने. १९२० आणि १९२२ साली तिथे दोन मूकपट निघाले. पहिला डॉक्टर कॅलिगरीचा आणि दुसरा 'नोस्फेरातू', म्हणजे रक्त पिणाऱ्या सरदाराचा. या चित्रपटांत सावल्यांनाच काम दिलेले होते. भूत जिना चढताना दिसत नाही. भिंतीवर फक्त त्याची लांब बोटांची सावली चढत जाते. 'नोस्फेरातू'ची एक वेगळीच गोष्ट आहे. ड्रॅक्युलाच्या कादंबरीवरून तो परवानगी न घेता काढला होता. म्हणून लेखकाच्या विधवा पत्नीने दावा लावला. चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करा, असा निकाल कोर्टाने दिला. तरी काही प्रती वाचल्या. म्हणून आज शंभर वर्षांनंतरही तो पाहता येतो. पुढे अमेरिकेत १९३१ साली 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' हे बोलपट निघाले. तेव्हापासून भयपट हा मोठा धंदा झाला.

ती जर्मन सावली आपल्याकडेही आली. कशी, ते पाहा. मुंबईजवळ मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज ही चित्रसंस्था सुरू झाली. तिथे योसेफ विर्शिंग नावाचे जर्मन छायाचित्रकार काम करत. १९४९ साली याच संस्थेने 'महल' हा चित्रपट काढला. त्याचे लेखक आणि दिग्दर्शक होते कमाल अमरोही. त्यांची उर्दू किती सुंदर होती, हे तुम्हांला मी काय सांगणार! चित्रपटात यमुनेच्या काठी एक ओसाड वाडा आहे. नवा मालक तिथे येतो. भिंतीवरच्या जुन्या तसबिरीत त्याला आपलाच चेहरा दिसतो. मग रात्री बागेतून एका बाईचे गाणे ऐकू येते. तो आवाजाच्या मागे जातो, आणि ती नाहीशी होते. मालक झाले होते अशोककुमार आणि ती बाई झाली होती मधुबाला.

त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. गायिका दुरून जवळ येत आहे, असे ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे. तेव्हा आजच्यासारखी यंत्रे नव्हती. मग युक्ती केली. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला. लता मंगेशकर दूर कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू मायक्रोफोनकडे चालत आल्या. ही आठवण पुढे त्यांनी स्वतःच सांगितली आहे. गाणे फार गाजले. पण पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचे नाव नव्हते. तिथे चित्रपटातल्या पात्राचे नाव छापले होते, 'कामिनी'. तेव्हा तशीच पद्धत होती. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने ते गाणे जणू भुतानेच गायिले होते!

गंमत अशी की 'महल'मध्ये भूत नाहीच. शेवटी कळते, की ती बाई माळ्याची मुलगी आहे. त्यानंतरही बरीच वर्षे असेच चालले. १९६२ चा 'बीस साल बाद' घ्या, किंवा १९६४ चा 'वह कौन थी' घ्या. पांढऱ्या साडीतली बाई धुक्यातून चालत येते, आपण घाबरतो, आणि शेवटी तिच्यामागे कोणातरी माणसाचा डाव निघतो. १९५८ चा 'मधुमती' मात्र वेगळा. त्यात पुनर्जन्म आहे आणि आत्माही आहे. पण तो पाहून आपण घाबरण्यापेक्षा हळवे होतो.

भुताला खरोखर पडद्यावर उभे केले ते रामसे कुटुंबाने. त्यांची कहाणी कराचीपासून सुरू होते. फतेहचंद रामसिंघानी यांचे तिथे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना 'रामसिंघानी' म्हणता येईना. ते 'रामसे' म्हणू लागले. तेच नाव पुढे कायम झाले. १९४७ च्या फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. जोडीला चित्रपट काढायला सुरुवात केली. १९६३ चा त्यांचा 'रुस्तम सोहराब' हा चित्रपट मराठी लेखक विश्राम बेडेकर यांनी दिग्दर्शित केला होता. शाहनाम्यातली गोष्ट, सिंधी निर्माता आणि मराठी दिग्दर्शक! मुंबईत अशी भेट सहज होते.

१९७० साली रामसेंचा आणखी एक चित्रपट आला, 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'. तो चालला नाही. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर सैतानाचा मुखवटा घालून चोरी करायला येतात. पोलीस गोळ्या झाडतात, पण त्यांना काहीच होत नाही. रामसेंची मुले थिएटरात जाऊन बसली आणि त्यांनी पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे पाहिले. एवढ्या एका प्रसंगाला लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. मुलांनी वडिलांना सांगितले, "आपण संपूर्ण चित्रपटच असा काढू या."

सात भाऊ होते. त्यांनी कामे वाटून घेतली. कोणी लिहिले, कोणी कॅमेरा धरला, कोणी आवाज सांभाळला, तर तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन केले. मोठा स्टुडिओ परवडत नव्हता. म्हणून सगळे कुटुंब महाबळेश्वरला गेले आणि एका सरकारी विश्रामगृहात राहिले. राहण्याची जागा तीच, चित्रीकरणाची जागाही तीच. स्वयंपाक घरच्या बायका करत. सुमारे ४० दिवसांत चित्रपट तयार झाला. खर्च आला साडेतीन लाख रुपयांच्या आसपास. १९७२ साली तो लागला आणि खूप चालला. त्याचे नाव होते 'दो गज जमीन के नीचे'. दोन गज जमीन म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको.

रामसेंच्या चित्रपटांची नावे एकदा मोठ्याने वाचून पाहा. 'दरवाजा', 'पुरानी हवेली', 'वीराना', 'बंद दरवाजा'. हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत. दरवाजा, हवेली, जमीन, गज हे शब्द मराठीतही आहेत. 'वीरान' मराठीत आला आणि 'वैराण' झाला. भीतीचे शब्द दोन्ही भाषांनी एकाच घरातून घेतलेले आहेत.

१९८४ च्या 'पुराना मंदिर' चित्रपटात सामरी नावाचा राक्षस होता. ते काम अनिरुद्ध अग्रवाल यांनी केले. ते शिकलेले इंजिनियर होते. कोकणात मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबाचा वाडा आहे. रामसेंच्या काही चित्रपटांत तो दिसतो. ठाण्याच्या जुन्या माणसांना विचारा. गणेश, अशोक, प्रभात अशी थिएटरांची नावे ते सांगतील, आणि रामसेंचे चित्रपट कोणी कोठे पाहिले, तेही सांगतील. १९९३ पासून रामसेंची भुते 'झी हॉरर शो'मधून घरच्या टीव्हीवर येऊ लागली.

खरे सांगायचे, तर रामसेंचे सगळेच चित्रपट चांगले नव्हते. गोष्ट बहुतेक वेळा तीच असे. विनोद ओढूनताणून आणलेले असत. आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते. केवळ त्यांच्याच नव्हे, तर पुष्कळ भयपटांत भूत म्हणून बाईच का येते? हडळ म्हणजे कोण? बाळंतपणात मेलेली बाई. जिच्या मृत्यूचे दुःख व्हायला हवे, तिचीच भीती बाळगायची! पडद्याबाहेर याचा परिणाम फार वाईट होतो. आपल्या राज्यात सातपुड्याच्या भागात जिवंत बायकांना 'डाकीण' ठरवून मारहाण केल्याच्या घटना घडल्या आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात भूत आहे असे सांगून कोणाला बांधणे, मारणे किंवा चटके देणे हा आता गुन्हा आहे. अडीच तासांनी जी भीती संपते, ती निराळी. जी भीती माणसाच्या हातात काठी देते, ती निराळी.

म्हणून २०१७ चा मराठी चित्रपट 'लपाछपी' मला महत्त्वाचा वाटतो. विशाल फुरिया यांनी तो दिग्दर्शित केला. एक गरोदर बाई उसाच्या शेतातल्या घरात राहायला येते. तिला मुलांचे आवाज ऐकू येतात. पण तिथे भुतापेक्षा भयंकर आहेत ती मुलगी नको म्हणणारी माणसे.

मराठीत भुताने हसवलेही पुष्कळ आहे. १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. तात्या विंचू नावाचा गुंड मरताना एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला आणि त्याच्या हालचाली ही शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची करामत होती. शब्दभ्रमकार म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलवणारा कलावंत. मुले आधी बाहुल्याला घाबरली, आणि मग त्याच्या नकला करू लागली.

त्यानंतर भुतांनी घर बदलले. २००३ साली राम गोपाल वर्मा यांनी 'भूत' काढला. त्यात हवेली नाही, स्मशान नाही, गाणीही नाहीत. मुंबईतल्या इमारतीतला एक साधा फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, जिना आहे, वॉचमन आहे. लोक चित्रपट पाहून घरी गेले, आणि घरी तशीच लिफ्ट होती! हवेलीतले भूत हवेलीतच राहते. हे मात्र प्रेक्षकाबरोबर त्याच्या घरी गेले.

२०१८ साली 'तुंबाड' आला. राही अनिल बर्वे यांना त्याची कल्पना नारायण धारप यांच्या एका कथेवरून सुचली होती. धारप हे मराठीतले भयकथांचे मोठे लेखक. चित्रपटात सतत पाऊस पडतो, आणि तो बराचसा खरा पाऊस आहे. त्यासाठी कित्येक पावसाळे थांबून चित्रीकरण केले. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यातले खरे गाव आहे. वाड्याचे काही चित्रीकरण सासवडला झाले. या चित्रपटातला खरा राक्षस म्हणजे लोभ. तो बापाकडून मुलाकडे जातो. पहिल्यांदा हा चित्रपट बेताचाच चालला. पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे वळू. कोलशेतपासून डोंबिवली फार दूर नाही. २६ जानेवारी २०२२ रोजी तिच्यावर एक चित्रपट आला, 'झोंबिवली'. आदित्य सरपोतदार त्याचे दिग्दर्शक. हा मराठीतला पहिला झाँबीपट मानला जातो. झाँबी म्हणजे चालते फिरते प्रेत. ही कल्पना हैती नावाच्या देशातली. तिथे आफ्रिकेतून गुलाम आणले होते आणि त्यांच्याकडून उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत काम करून घेत. मेल्यावरही आपली सुटका होणार नाही, आपले प्रेत उठवून कामाला लावतील, ही त्या गुलामांची भीती होती. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी अमेरिकेत अशा प्रेतांवर एक कृष्णधवल चित्रपट काढला. पैसे कमी होते, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबत वापरले. त्या चित्रपटात 'झाँबी' हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे त्या प्रेतांना 'गूल' म्हटले आहे. हा शब्द अरबीतून गेलेला. अलिफ लैलातला, मुडदे खाणारा तोच हा गूल. पाहा, तुमच्या गोष्टीतला शब्द कोठे जाऊन पोचला!

'झोंबिवली'त एक तरुण इंजिनियर आपल्या गरोदर बायकोला घेऊन डोंबिवलीतल्या नव्या उंच इमारतीत राहायला येतो. शेजारीच जनता नगर नावाची झोपडपट्टी आहे. इमारतीत पाणी आहे. झोपडपट्टीत पाण्यासाठी भांडणे आहेत. अचानक माणसे झाँबी होऊ लागतात, आणि या रोगाचे मूळ पाण्याच्या धंद्याशी जाऊन भिडते. चित्रपट हसवतो, पळवतो, पण पाण्याचा प्रश्न सोडत नाही. ही भीती डोंबिवलीकरांना अगदी नवी नव्हती. २०१४ च्या जानेवारीत तिथल्या औद्योगिक भागात हिरवट पाऊस पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. २०२० मध्ये तिथला एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला होता. अशा शहरात भूत दाखवायला वाडा कशाला हवा? नळ उघडला तरी पुरे.

इथे तुम्ही विचाराल, की हे सगळे खोटे आहे हे माहीत असूनही आपण का घाबरतो? आपल्या मेंदूतला एक लहानसा भाग धोका ओळखण्याचे काम करतो. तो फार घाईने काम करतो. मोठा आवाज झाला, की तो आधी शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. हृदय जोराने धावते, तळहातांना घाम येतो. 'अरे, हा तर चित्रपट आहे' हा विचार थोडा मागून येतो. दिग्दर्शक या मधल्या क्षणाचा उपयोग करतो. तो आधी शांतता ठेवतो, कारण शांततेत कान जास्त जागे असतात. तो पडद्याचा एक कोपरा रिकामा ठेवतो, म्हणजे आपली नजर तिथेच जाते. तुम्हीही करून पाहा. अंधारात विजेरी हनुवटीखाली धरा आणि आरशात पाहा. रोज उजेड वरून येतो. तो खालून आला, की नाकाची सावली कपाळावर पडते आणि आपलाच चेहरा परका दिसतो.

पुढे काय होईल? बदल तर सुरूच झाला आहे. २०२४ चा 'मुंज्या' पाहा. हाही सरपोतदारांचाच, आणि कोकणातल्या मुंज्यावरचा. त्यातला मुंज्या संगणकावर तयार केला आहे. नट रिकाम्या जागेकडे पाहून घाबरतात. मुंज्या तिथे नंतर बसवला जातो. मुखवटा, रबर, रंग यांची कामे कमी होत चालली आहेत. आता तर यंत्रच चेहरे आणि आवाज तयार करू शकते. मेलेल्या नटाचा चेहरा पुन्हा पडद्यावर आणता येतो. भुताची याहून चोख व्याख्या कोणती! पण त्या नटाच्या घरच्यांना विचारले का, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

दुसरा बदल पाहण्यात झाला. पूर्वी पाचशे माणसे एकदम किंचाळत. आता एकटा मुलगा पांघरुणात मोबाइलवर भयपट पाहतो. म्हणून वयाचा प्रश्न महत्त्वाचा झाला. २०२४ पासून चित्रपटांच्या प्रमाणपत्रावर ७, १३ आणि १६ वर्षे अशी वयेही लिहितात. त्या वयापेक्षा लहान मुलांनी तो चित्रपट पाहावा की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचे असते. रामसेंच्या काळी केवळ प्रौढांसाठीचा 'ए' शिक्का असे. पण तो पाहून मुलांना चित्रपट पाहण्याची जास्तच इच्छा होई!

मला वाटते, पुढची भुते हवेलीतून येणार नाहीत. ती पाण्यातून, हवेतून, कारखान्यांतून आणि मोबाइलमधून येतील. किंवा ती जुन्या गावांतून येतील, जिथे आता टॉवर उभे आहेत. तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला खालच्या तिवरांमधल्या गिऱ्ह्याचे नावही माहीत नसते. कोळ्यांच्या आजीला ते माहीत आहे. लाटेखाली ओढणारा, रात्री होडीमागे पोहत येणारा असा तो गिऱ्हा. त्याच्यावरचा चांगला चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. तुमच्या आजी-आजोबांकडे अशी कोणती गोष्ट आहे, ती आज रात्री त्यांना विचारा. सांगताना ते कोठे थांबतात आणि आवाज कोठे खाली आणतात, तेही वहीत लिहून ठेवा.